अठ्ठावीस दिवसांची राखण

जन्मल्यापासूनचे पहिले २८ दिवस हे माणसाच्या साऱ्या आयुष्यातले सर्वांत धोक्याचे दिवस. २०२२ या एका वर्षात जगभरातली सुमारे २३ लाख बाळं हे दिवस पार करू शकली नाहीत, आणि त्यांतली बहुतेक पहिल्या आठवड्यातच गेली. बाळंतपण घरी होवो की दवाखान्यात, हे दिवस बाळ काढतं ते मुख्यतः घरातच. आईच्या कुशीत, आजीच्या मांडीवर, शेकशेगडीच्या उबेला. बाळाचा जीव वाचवायचा तर वैद्यकशास्त्राला घरातल्या बाळंतिणीच्या अंधाऱ्या खोलीत शिरता आलं पाहिजे, आणि तिथे त्याला कोणीतरी आपलं माणूस म्हणून आत घेतलं पाहिजे. हे होऊ शकतं, हे जगाला दाखवून दिलं ते गडचिरोली जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या बायांनी. त्यांच्या कामाची कथा जगाच्या आरोग्यशास्त्रात नोंदली गेली आहे. महाराष्ट्रात मात्र ती फारच थोड्यांना तपशिलात ठाऊक आहे.

आधी ही भूमी कशी आहे ते पाहू. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागात, एटापल्ली तालुक्यात, सूरजागडचा डोंगर आहे. डोंगरावर ठाकूरदेव, डोंगराच्या पोटात लोहखनिज, आणि चहूबाजूंनी माडिया गोंडांची गावं नि टोले. दर जानेवारीत ठाकूरदेवाच्या जत्रेला इलाख्यातल्या गावागावांतून माणसं चालत येतात. या भागात कोण किती दूर राहतं हे किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नसतो. मध्ये किती नाले आहेत आणि महिना कोणता आहे, ते विचारावं लागतं. पावसाळ्यात नाला भरला की चार किलोमीटरवरचं आरोग्य केंद्रही परदेशाइतकं लांब जातं. मग अडलेल्या बाईला खाटेची कावड करून न्यायचं, खांदेकरी बदलत बदलत. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा, त्यातला सुमारे तीन चतुर्थांश जंगलाचा. २०११च्या जनगणनेत राज्यात चौरस किलोमीटरमागे सरासरी ३६५ माणसं होती. गडचिरोलीत होती ७४. इतक्या विरळ वस्तीत प्रत्येकाच्या हाकेच्या अंतरावर डॉक्टर बसवणं कोणत्याही सरकारला जमलेलं नाही. आणि डॉक्टर बसवला तरी रोगी त्याच्याकडे जाईलच असं नाही, हे पुढे कळलं.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य १९८६ साली गडचिरोलीत आलं. दोघांनीही नागपुरात वैद्यकीय शिक्षण घेतलेलं, आणि नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं. त्यांनी ‘सर्च’ ही संस्था काढली. दवाखाना चालवायचा, पण त्याबरोबर लोकांमध्ये राहून संशोधन करायचं, असा त्यांचा बेत होता. डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतल्या सर्व स्त्रियांची तपासणी करण्याचा प्रयत्न केला आणि त्याचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. शंभरातल्या ९२ बायांना स्त्रीरोग होता. त्याआधी कधी तपासून घेतलेल्या बाया होत्या शंभरात जेमतेम ८. दुखणं अंगावर काढणं हा तिथला अपवाद नव्हता, नियम होता.

याच सुमारास आदिवासींनी त्यांना एक गोष्ट समजावून सांगितली. दवाखान्याची आम्हाला भीती वाटते, असं ते म्हणाले. उंच इमारत, पांढऱ्या कपड्यांतली माणसं, परकी भाषा, आणि रोग्याला आत घेऊन नातेवाइकांना बाहेर काढण्याची रीत. म्हणून धानोरा रस्त्यावरच्या ‘शोधग्राम’मधला दवाखाना आदिवासी वस्तीसारखा बांधला गेला. रोग्यासोबत घरच्यांना राहता येईल अशा झोपड्या, आणि नाव लोकांनी सुचवलेल्या देवीचं, दंतेश्वरी दवाखाना. मला या बांधकामाचं महत्त्व फार वाटतं. घरातल्या सेवेचा विचार इथूनच सुरू झाला, असं मी मानतो. रोगी बरा होण्यासाठी त्याच्याभोवती त्याचं घर लागतं, हे एकदा मान्य केलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. घरच दवाखान्यात आणता येत असेल, तर दवाखाना घरात का नेऊ नये?

पहिली परीक्षा झाली ती न्यूमोनियावर. लहान मुलाची छाती भरते, श्वास भराभर चालतो, पोट उडतं. विदर्भात याला डब्बा म्हणतात. तेव्हा या भागात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२१ वर्षाच्या आत दगावत होती आणि त्यात न्यूमोनिया हा मोठा मारेकरी होता. औषध स्वस्त होतं, को-ट्रायमॉक्झॅझोल नावाचं, तोंडावाटे देता येणारं. अडचण निदानाची होती. त्यासाठी स्टेथोस्कोप, क्ष-किरण आणि डॉक्टर लागतो असं सगळे धरून चालले होते. पण मुलाच्या श्वासाचा वेग हीच पुरेशी चांगली खूण आहे, हे जगभरच्या अभ्यासांतून पुढे येत होतं. दोन महिन्यांखालच्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, त्याहून मोठ्या तान्ह्याचा ५० किंवा जास्त असला की न्यूमोनिया समजून औषध सुरू करावं.

पण हे काम करायचं गावातल्या अनुभवी सुईणीने, आणि तिने मिनिट कसं मोजायचं? तिच्याकडे घड्याळ नाही, आणि साठपर्यंत आकडे म्हणता येतीलच असं नाही. यावर सर्चने जे साधन केलं ते पाहिलं की मन भरून येतं. एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्याजवळ ओवलेले मणी, दोन ओळींत. एक ओळ अगदी तान्ह्यांसाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलांसाठी. घटिका उलटी करायची आणि बाळाच्या पोटाकडे पाहत श्वास मोजायचे. दहा झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरू. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत हात गेला तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता येणारी कोणतीही बाई हे निदान करू शकते. तिला लिहिता-वाचता आलं पाहिजे ही अटच नाही. विज्ञान सोपं करणं म्हणजे त्याची धार कमी करणं, असं आपण उगाच मानतो. इथे धार तीच राहिली, मूठ तेवढी वेगळ्या हाताला बसेल अशी केली गेली. १०४ गावांमधल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. जिथे गावातल्याच माणसांनी औषध दिलं, त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू इतर गावांच्या जवळजवळ निम्म्यावर आले होते.

न्यूमोनिया आवरला, पण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू काही हटेनात. त्या काळच्या वैद्यकाचं मत स्पष्ट होतं. नवजात बाळ फार नाजूक असतं, त्याचा आजार तासातासाला पालटतो. त्याला अतिदक्षता विभागच हवा. काचेची पेटी, सलाईन, बालरोगतज्ज्ञ. हे खरंच होतं. पण गडचिरोलीच्या खेड्यात या खरेपणाचा अर्थ एकच निघत होता, की बाळाने मरावं. कारण तेव्हा शंभरातली पंच्याण्णव बाळं घरीच जन्मत होती आणि आजारी पडली तरी घरीच राहत होती. आई सुवेरात, बाहेर पडायची नाही. बाप पैसे कोठून आणणार? आजी म्हणणार, इतक्या लहान जिवाला वाऱ्यात नेऊ नका. आणि गाडीच नाही.

१९९३ ते १९९८ या काळात सर्चने घरच्या घरी नवजात बाळाच्या सेवेचा प्रयोग केला. ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली, तिथे नेहमीची सरकारी सेवा चालूच होती. ३९ गावांत प्रत्येकी एक स्त्री निवडली. ती त्याच गावात राहणारी, थोडंफार शिकलेली, आणि लोकांनी जिच्यावर विश्वास टाकावा अशी. तिला म्हणू लागले आरोग्यदूत.

आरोग्यदूतांचं पहिलं सगळं वर्ष केवळ पाहण्यात, मोजण्यात आणि लिहिण्यात गेलं. मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तोवर खेड्यातल्या घरात नवजात बाळाला नेमकं काय काय होतं हे कुणी शास्त्रशुद्ध रीतीने पाहिलंच नव्हतं. पुस्तकांत जे होतं ते इस्पितळात पोचलेल्या बाळांवरून लिहिलेलं होतं. आरोग्यदूत बाळंतपणाच्या वेळी हजर राहायची, आणि मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, पंधराव्या, एकविसाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी घरी जायची. वजन करायची, ताप बघायची, श्वास मोजायची, बाळ दूध कसं ओढतं ते पाहायची, नाळ बघायची, आणि छापील तक्त्यावर खुणा करायची. पंधरा दिवसांतून एकदा डॉक्टर गावात येऊन तिच्या नोंदी पडताळायचे. १९९५-९६ या वर्षात अशी ७६३ बाळं पाहिली गेली. त्यांतल्या चाळीस टक्क्यांहून जास्त बाळांचं वजन अडीच किलोच्या खाली होतं. निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती, आणि ती मिळाली होती शंभरात तिघांनाही नाही.

पुढच्या वर्षी आरोग्यदूताच्या पिशवीत उपचाराची साधनं आली. तीत काय काय असायचं ते सांगायला हवं, कारण सारं अद्भुत त्या साधेपणात आहे. एक स्प्रिंगचा वजनकाटा, खाली कापडाची झोळी. थर्मामीटर. जन्मताना न रडलेल्या बाळाच्या घशातला चिकटा ओढून काढायची नळी. श्वास न घेणाऱ्या बाळाच्या तोंडा-नाकावर बसणारा मुखवटा, छातीत हवा भरण्यासाठी. टोपडी, गोधडी, कमी वजनाच्या बाळाला आत सरकवून ऊब देणारी शिवलेली पिशवी. नाळेसाठी नवं पातं आणि दोरा. ‘क’ जीवनसत्त्वाशी गल्लत होऊ नये म्हणून सांगतो, ‘के’ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन, रक्तस्राव टाळण्यासाठी. आणि जेंटामायसिन हे प्रतिजैविक, बारीक सुईच्या सिरिंजसह.

यातल्या प्रत्येक वस्तूमागे एक कसब होतं आणि ते टप्प्याटप्प्याने, महिनोन्महिने शिकवलं गेलं. बाळ जन्मलं आणि निळं पडलं, तर पुढचं एक मिनिट हेच सगळं असतं. सुईण नाळ आणि वार सांभाळते, बाईला धीर देते. आरोग्यदूत त्या मिनिटात फक्त बाळाकडे पाहते. पुसायचं, चिकटा काढायचा, पाठीवर चोळायचं, रडलं नाही तर मुखवटा लावून हवा द्यायची. कंदिलाच्या उजेडात, शेणाने सारवलेल्या भुईवर बसून हे काम होत होतं. पूर्वी अशा बाळाला मेलेलंच धरून बाजूला ठेवण्याची वेळ कित्येकदा येई.

ऊब आणि दूध या गोष्टी ऐकायला सोप्या वाटतात, पण करायला त्याच सर्वांत अवघड. जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालायची रीत सगळीकडे होती. पहिलं पिवळसर दूध, चीक, काढून टाकलं जाई. ते बदलायचं म्हणजे आजीशी बोलायचं. परकी नर्स आजीला उपदेश करू शकते, पण आजीचं मन वळवू शकते ती गावातली सून किंवा लेक, जी उद्याही त्याच विहिरीवर भेटणार असते. तिसऱ्या वर्षी गरोदर बायांना आणि त्यांच्या सासवांना एकत्र बसवून हे सारं शिकवण्यावर भर दिला गेला.

सर्वांत मोठा वाद झाला तो इंजेक्शनावरून. नवजात बाळाच्या रक्तात जंतुदोष पसरला की तो बहुधा जीव घेतो. सर्चने निदानासाठी सात लक्षणं ठरवली. रडणं क्षीण होणं किंवा थांबणं, दूध ओढणं कमी होणं किंवा थांबणं, हातपाय लुळे पडणं, उलट्या किंवा पोट फुगणं, अंग गार किंवा तापलेलं लागणं, श्वास जोरात चालणं किंवा छाती आत ओढली जाणं, आणि नाळेत किंवा कातडीवर पू. यांतली कोणतीही दोन एकाच वेळी दिसली की जंतुदोष धरायचा. आधी आईबापांना दवाखान्यात न्यायला सांगायचं. ते तयार नसतील तर त्यांची लेखी संमती घेऊन घरीच उपचार करायचा. तोंडावाटे औषध आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन, पुढचे सात ते दहा दिवस. डॉक्टर नसलेल्या बाईने दीड-दोन किलोच्या जिवाच्या मांडीत सुई टोचायची, या कल्पनेनेच अनेक तज्ज्ञांच्या अंगावर काटा आला. त्यांची काळजी खोटी नव्हती. पण दुसऱ्या पारड्यात काय होतं ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. उपचाराआधी या गावांत जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी सोळा-सतरा मरत होती. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर तीनहूनही कमी.

४ डिसेंबर १९९९च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा प्रयोग छापून आला. ज्या ३९ गावांत सेवा दिली तिथे नवजात मृत्यूंचं प्रमाण हजारी ६२ वरून तिसऱ्या वर्षी साडेपंचवीसवर आलं होतं. तुलनेच्या गावांशी ताडून पाहता ही घट ६२ टक्के भरली. एका बाळामागे खर्च आला सुमारे ५.३ डॉलर. ज्या आजारांवर काचेच्या पेटीशिवाय इलाज नाही असं सगळे म्हणत होते, त्यांवर गोधडी, मुखवटा, सुई आणि एक विश्वासू बाई यांनी इतकी मात करावी, हे त्या काळी अनेकांना पटायला जड गेलं. गडचिरोलीत बंग आहेत म्हणून जमलं, इतरत्र जमणार नाही, असंही म्हटलं गेलं. म्हणून २००१ पासून महाराष्ट्रात सात ठिकाणी, सात वेगवेगळ्या संस्थांनी ‘अंकुर’ या नावाने हेच काम करून पाहिलं. बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यातही गावच्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन नवजात बाळांवर उपचार केले, आणि तिथे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचं २००८ साली प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या शिवगडच्या प्रयोगाचे आकडे आले. तिथे तर औषध-इंजेक्शन जवळपास नव्हतंच. केवळ घरोघर जाऊन ऊब, दूध आणि स्वच्छतेच्या सवयी बदलल्या होत्या, आणि मृत्यू निम्म्याहून अधिक घटले होते.

२००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून नवजात बाळांच्या गृहभेटींची शिफारस केली. २०११ साली भारत सरकारने घरच्या घरी नवजात सेवा हा देशभराचा कार्यक्रम म्हणून घेतला आणि तो आशा कार्यकर्त्यांच्या हाती दिला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं. घरी जन्मलेल्याकडे पहिल्या दिवशीही. २०१८ पासून त्यात तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांच्या भेटींची भर पडली. इंजेक्शनाचा वादही हळूहळू निवळला. २०१४ साली केंद्राने एएनएमना, म्हणजे उपकेंद्रावरच्या परिचारिकांना, ठरावीक परिस्थितीत नवजात बाळाला जेंटामायसिन देण्याची मुभा दिली, आणि दवाखान्यात नेणं शक्यच नसेल तेव्हा बाहेरच्या बाहेर इंजेक्शन आणि तोंडी औषध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं. आशाला मात्र सुई मिळाली नाही. माझ्या मते मूळ प्रयोगाचा कणाच त्यामुळे निघून गेला. नाल्यापलीकडच्या टोल्यावर रात्री बाळाने दूध सोडलं तर एएनएमही तिथे नसते.

घरी जाऊन सेवा करणं ही गोष्ट काही गडचिरोलीत पहिल्यांदा झाली नाही. १८५९ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने आपल्या दिवंगत पत्नीची शुश्रूषा केलेल्या मेरी रॉबिन्सन या परिचारिकेलाच शहरातल्या गरिबांच्या घरी पाठवलं, आणि तिथून जिल्हा परिचारिकांची पद्धत उभी राहिली. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमारास काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी दिवसांची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून तिला घरी पाठवायला सुरुवात केली. तीच आजची कांगारू पद्धत. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०च्या दशकापासून निरक्षर बायांना गावच्या आरोग्यसेविका केलं होतं. गडचिरोलीची स्वतंत्र कामगिरी ही, की तिने घरातल्या सेवेला मोजमापाच्या कसोटीवर उभं केलं, तुलनेची गावं ठेवून, प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू लिहून. घरातली सेवा म्हणजे दवाखाना नाही म्हणून केलेली तडजोड, हा समज त्या नोंदींनी खोडून काढला.

सर्चची ती ३९ गावं जिल्ह्याच्या उत्तरेकडची. सूरजागडचा मुलूख त्याहून पुष्कळ दक्षिणेला, अधिक दाट जंगलाचा, आणि भाषेनेही वेगळा. माडिया ही गोंडी कुळातली द्रविड भाषा. मराठी बोलणाऱ्या डॉक्टरला इथल्या म्हाताऱ्या बाईचं दुखणं दुभाष्याशिवाय कळत नाही. पलीकडच्या भामरागड तालुक्यात हेमलकशाला बाबा आमट्यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना रोग्यांवर उपचार करण्याआधी माडिया शिकावी लागली. गावच्याच आशाला हा अडसर नसतो. रोग्याच्या घरात कोण कोणाशी बोलत नाही इथपर्यंत तिला ठाऊक असतं. ताप आला की ती घरी येऊन बोट टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर घेते, आणि पंधरा-वीस मिनिटांत मलेरिया आहे की नाही, असल्यास कोणता, ते सांगून तिथल्या तिथे गोळ्या सुरू करते. महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीत असतो, आणि त्यातला मेंदूवर जाणारा प्रकार दोन दिवसांत माणूस नेतो. अशा ठिकाणी ती पट्टी म्हणजे उंबरठ्यावर आलेली प्रयोगशाळाच आहे.

या मुलुखात काही गावांत पाळीच्या दिवसांत बायांनी मुख्य घराबाहेरच्या कुरमाघरात राहायची रीत आहे, आणि बाळंतपणाचे दिवसही कित्येक जणी अशाच वेगळ्या झोपडीत काढतात. परक्याला तिथे प्रवेश नसतो, पुरुषाला तर नाहीच. बाळाची तपासणी करायला तिथे कोण जाऊ शकेल याचं उत्तर एकच आहे, त्याच समाजातली बाई. दुसऱ्या बाजूने शासनाने दुर्गम भागातल्या आरोग्य केंद्रांजवळ माहेरघरं काढली. दिवस भरत आलेल्या बाईने आधीच तिथे येऊन राहावं, सोबत घरचं माणूस आणावं, ही त्यातली योजना. शोधग्रामच्या झोपड्यांमागे जे शहाणपण होतं तेच इथे दिसतं, आणि ते सरकारी कागदावर आलं याचा मला आनंद वाटतो.

सूरजागडच्या डोंगरावर अलीकडे खाणकाम वाढलं, मोठे रस्ते झाले, ट्रकांची रांग सुरू झाली. रस्ता झाला, रुग्णवाहिका आली, आता बाळंतपणं दवाखान्यातच होतील, मग घरी जायचं कशाला, असं कुणी म्हणेल. दवाखान्यात बाळंतपण व्हावं हे शंभर टक्के खरं. अडलेली बाई आणि गुदमरलेलं बाळ वाचण्याची आशा तिथेच जास्त. पण साधं बाळंतपण झालं की दोन-तीन दिवसांत बाईला घरी पाठवतात. त्यानंतरचे पंचवीस दिवस बाळ पुन्हा त्याच खोलीत असतं, आणि जंतुदोष, थंडी, दूध न ओढणं ही संकटं त्याही दिवसांत येतात. रस्ता गावाच्या वेशीपर्यंत येतो. बाळाचं रडणं आज कालच्यापेक्षा बारीक आहे, हे ओळखायला आत कुणीतरी बसलेलं लागतं.

आणि त्या बसलेल्या बाईला आपण काय देतो? बेचाळीस दिवसांच्या सहा-सात भेटी, वजन, नोंदी, पावसातली पायपीट, या सगळ्याचे ठरले होते २५० रुपये. पंधरा महिन्यांपर्यंतच्या पाच भेटींचे आणखी २५०. आजही आशा ही शासनाच्या लेखी कर्मचारी नाही, स्वयंसेविका आहे. जिच्या खांद्यावर देशातला एवढा मोठा नवजात कार्यक्रम उभा आहे, जो वर्षाला एक कोटीहून जास्त बाळांच्या घरी पोचतो, तिला पगार नसणं हा अन्याय आहे. तो अन्याय म्हणूनच सांगितला पाहिजे.

या साऱ्या कामातून एक अनपेक्षित गोष्टही हाती आली. प्रत्येक जन्म-मृत्यू लिहिण्याची शिस्त सर्चच्या ८६ गावांत पुढेही चालू राहिली. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत तिथे झालेल्या १,५९९ मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर निघाला तो लकवा. दर सात मृत्यूंमागे एक. एकेकाळी तान्ह्या मुलांच्या न्यूमोनियाने गाजलेल्या जिल्ह्यात आता मेंदूचा झटका हा सर्वांत मोठा मारेकरी झाला होता. आणि त्या रोग्यांपैकी ८७ टक्के घरीच वारले, त्यांतले जवळजवळ निम्मे झटक्यानंतरच्या पहिल्या महिन्यात.

पुन्हा घर आणि पुन्हा पहिला महिना. लकवा झालेल्या माणसाला दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. घास भरवताना त्याला बसतं करावं लागतं, नाहीतर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. लघवीची जागा कोरडी ठेवावी लागते, लुळा हात रोज हलवावा लागतो, रक्तदाबाची गोळी चुकवून चालत नाही. हे सगळं आज सून किंवा बायको करते, कुणीही न शिकवता, आपल्या अंदाजाने. आशा तिशीपुढच्या माणसांची माहिती अर्जात भरते आणि रक्तदाब तपासायला उपकेंद्रावर पाठवते. झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरीही तिने नवजात बाळासारखंच दिवस ठरवून जावं, पहिल्या, तिसऱ्या, सातव्या दिवशी, आणि पाठ, गिळणं, रक्तदाब नि गोळ्या यांची नोंद तक्त्यावर करावी. यासाठी लागणाऱ्या वस्तू आरोग्यदूताच्या पिशवीहून जास्त नाहीत. रक्तदाबाचं यंत्र, गोळ्या, आणि त्या सुनेला कुशीवर वळवायची रीत शिकवायला लागणारा अर्धा तास. आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे.